'आणि जून व्हिटफील्ड' : विनोदातील दुय्यम स्थानाचा एक इतिहास

इंग्लंडमधील विनोदी अभिनेत्री जून व्हिटफील्ड यांचे आत्मचरित्र इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात प्रथम तीन टिंबे आहेत, नंतर 'आणि' या अर्थाचे इंग्रजी उभयान्वयी अव्यय आहे आणि शेवटी बाईंचे स्वतःचे नाव आहे. टिंबांच्या जागी कोणते नाव घालावयाचे ते वाचकाने आपल्या वयाप्रमाणे ठरवावे. कोणी जिमी एडवर्ड्‌सचे घालील, कोणी टोनी हॅन्कॉकचे, कोणी फ्रँकी हॉवर्डचे किंवा टेरी स्कॉटचे. व्याकरणाच्या दृष्टीने हे अव्यय दोन पदे समान पातळीवर जोडते. नाटकाच्या जाहिरातीत आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्याला निराळाच अर्थ येतो. तेथे त्याच्यानंतर येणारे नाव कधी विशेष मानाचे असते, तर कधी केवळ उरलेले असते. या दोहोंपैकी आपले कोणते, याचा निर्णय बाईंनी शीर्षकात केलेला नाही, आणि त्यातच त्या शीर्षकाची खुमारी आहे.

विनोदाचा इतिहास बहुधा पहिल्या नावांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक नटाने अमुक साली लोकांना हसविले, अशी त्याची मांडणी असते. वस्तुतः हशा ज्या वाक्यावर उसळतो, त्याच्या आधीचे वाक्य योग्य सुरात आणि योग्य विराम देऊन कोणीतरी उच्चारलेले असते. शाहिराच्या मागे उभा राहून झील धरणाऱ्याचे जे कर्तृत्व, तेच त्या आधीच्या वाक्याचे कर्तृत्व होय. ते संहितेत दिसत नाही. कारण संहितेत शब्द उतरतात, विराम उतरत नाहीत. व्हिटफील्डबाईंची कारकीर्द या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. त्यांची व्यावसायिक मैत्री ज्या ज्या नटांशी जडली, तेथे तिचे स्वरूप मुख्यतः हेच होते, की समोरच्याने निर्धास्तपणे झोकून द्यावे आणि आपण तोल सांभाळावा.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९२५ रोजी दक्षिण लंडनमधील स्ट्रेटम या उपनगरात झाला. वडील टेलिफोनच्या व्यवसायात होते. आईला हौशी रंगभूमीचे वेड होते आणि मुलीला अगदी बालपणीच नृत्यशाळेत घालण्यामागे तिचाच उत्साह होता. रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या विख्यात संस्थेतून १९४४ साली, म्हणजे महायुद्ध चालू असतानाच, त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. पुढील काही वर्षे लहानसहान भूमिकांत गेली. नोएल कॉवर्ड यांच्या 'एस ऑफ क्लब्ज' (१९५०) या संगीतिकेत आणि त्यानंतर लंडनमध्ये आलेल्या 'साउथ पॅसिफिक'मध्ये त्या होत्या. या काळाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण अशा शंभर तरुण नटी त्या वेळी लंडनमध्ये होत्या.

त्यांना वेगळे केले ते नभोवाणीने. 'टेक इट फ्रॉम हिअर' हा बी.बी.सी.चा विनोदी कार्यक्रम १९४८ पासून लोकप्रिय होता. फ्रँक म्युअर आणि डेनिस नॉर्डन हे दोघे तो लिहीत असत, आणि जिमी एडवर्ड्‌स, डिक बेंटली व जॉय निकोल्स हे त्यातील प्रमुख कलावंत होते. १९५३ मध्ये निकोल्स कार्यक्रम सोडून गेल्या. त्या गातही असत आणि अभिनयही करीत. त्यांच्या एका जागी दोघींना घ्यावे लागले. गाण्यासाठी अल्मा कोगन आल्या आणि अभिनयासाठी व्हिटफील्डबाई. त्याच वर्षी म्युअर-नॉर्डन यांनी ग्लम नावाच्या एका कुटुंबाची प्रहसनमाला सुरू केली. युद्धोत्तर काळात नभोवाणीवर सद्‌गुणी आणि गोडगोड कुटुंबांचा सुकाळ झाला होता. त्यांची टर उडविण्याचा लेखकांचा हेतू होता. ग्लम कुटुंबातील बाप आडदांड, मद्यपी आणि निर्लज्ज. मुलगा रॉन मंदबुद्धी आणि कमालीचा आळशी. आई पडद्याआडून नुसती कण्हण्याकुंथण्याच्या आवाजात ऐकू यावयाची. रॉनची वाग्दत्त वधू एथ ही व्हिटफील्डबाईंची भूमिका. लग्न वर्षानुवर्षे लांबलेले, आणि एथ मात्र आशा न सोडता सोफ्यावर रॉनशेजारी बसलेली.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. मुलाची भूमिका करणारे बेंटली यांचा जन्म १९०७ चा आणि बापाची भूमिका करणारे एडवर्ड्‌स यांचा १९२० चा. म्हणजे मुलगा बापाहून तेरा वर्षांनी वडील होता. केवळ ध्वनीच्या माध्यमातच हे खपून जाऊ शकते. परंतु याचाच दुसरा अर्थ असा, की त्या घरातील नात्यांचा सारा भार आवाजांवर होता, आणि त्या आवाजांत खराखुरा, विश्वसनीय माणसाचा आवाज एकट्या एथचा होता. एडवर्ड्‌स गर्जत, बेंटली रेंगाळत. या दोन टोकांच्या मध्ये एथ आपल्या प्रियकराला एका उद्गारवाचक शब्दानंतर नुसते नावाने हाक मारी. ते संबोधन श्रोत्यांच्या तोंडी इतके बसले की त्याची नक्कल घरोघर होऊ लागली. लिहून पाहिल्यास ते दोन अक्षरांइतके आहे. उच्चारात मात्र त्यात लाडिकपणा, तक्रार, संसाराची स्वप्ने आणि आपण थोड्या वरच्या थरातील आहोत असे भासविण्याची धडपड, एवढे सर्व मावे. ज्याला स्वराघात आणि आरोह-अवरोह यांचे अर्थवाहकत्व विद्यार्थ्यांना समजावून द्यावयाचे आहे, त्याला याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. १९७८-७९ मध्ये ग्लम कुटुंब दूरचित्रवाणीवर पुन्हा आणण्यात आले, तेव्हा बापाची भूमिका एडवर्ड्‌स यांनीच केली, पण एथ म्हणून पॅट्रिशिया ब्रेक आल्या. मूळची एथ तोवर दुसऱ्या एका घराची गृहिणी होऊन बसली होती.

त्या घराकडे वळण्यापूर्वी टोनी हॅन्कॉक यांच्याविषयी लिहिले पाहिजे. गॅल्टन आणि सिम्प्सन या लेखकद्वयाने लिहिलेला 'द ब्लड डोनर' हा भाग २३ जून १९६१ रोजी प्रक्षेपित झाला आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या विनोदातील एक मानबिंदू म्हणून आजही त्याचा उल्लेख होतो. रक्तदानास आलेल्या हॅन्कॉकची माहिती नोंदवून घेणारी परिचारिका म्हणजे व्हिटफील्डबाई. थोड्याच दिवसांपूर्वी हॅन्कॉक यांना मोटार-अपघात झाला होता. डोक्याला मार लागल्यामुळे संहिता पाठ करणे त्यांना शक्य झाले नाही, आणि त्यांच्यासाठी संवाद लिहिलेल्या पाट्यांची व यंत्रांची सोय करण्यात आली. त्यामुळे संबंध भागात हॅन्कॉक यांची नजर समोरच्या पात्राला चुकवून कोठेतरी पलीकडे लागलेली दिसते. ही गोष्ट ठाऊक झाल्यावर तो प्रवेश पुन्हा पाहावा. समोरचा नट आपल्याकडे पाहत नाही, त्याचे पुढचे वाक्य वेळेवर येईल याची शाश्वती नाही, आणि तरीही परिचारिकेचे प्रश्न ठरल्या लयीत, किंचित कंटाळलेल्या सरकारी सौजन्याने येत राहतात. तिने क्षणभरही गोंधळ दाखविला असता, तर पाट्या वाचणारा नट उघडा पडला असता. हा भाग टिकून राहिला तो हॅन्कॉक यांच्या कीर्तीमुळे. त्या काळातील कितीतरी ध्वनिचित्रफिती बी.बी.सी.ने पुसून पुन्हा वापरल्या. दुय्यम नटांचे काम अशा रीतीने पहिल्या नावाच्या आश्रयानेच जपले गेले आहे, ही इतिहासकाराची अडचण आहे.

फ्रँकी हॉवर्ड यांची तऱ्हा याच्या उलट होती. ते मुद्दाम वाक्य अर्धवट टाकीत, उसासे सोडीत आणि सहकलावंताला तसेच उभे ठेवून प्रेक्षकांशी गप्पा मारू लागत. त्यांच्याबरोबर व्हिटफील्डबाईंनी पुष्कळ काम केले. १९७१ मध्ये त्या वेळच्या एका उत्तान फ्रेंच गीताचे विडंबन करणारी ध्वनिमुद्रिकाही दोघांनी काढली. हॉवर्ड यांच्याबरोबर तेवढ्याच सहजपणे काम करणे म्हणजे वाट पाहण्याची कला अवगत असणे होय.

टेरी स्कॉट यांच्याशी त्यांची जोडी १९६८ पासून 'स्कॉट ऑन' या मालिकेत जमली. १९७४ मध्ये 'हॅपी एव्हर आफ्टर' सुरू झाली. तिच्यात दोघे फ्लेचर नावाचे मध्यमवयीन दांपत्य होते. मुले मोठी होऊन बाहेर पडलेली, आणि घरात एक वृद्ध आत्या व तिची मैना. १९७९ साली ती बंद झाली, आणि त्याच वर्षी फ्लेचर दांपत्य आडनाव बदलून मेडफर्ड झाले, लंडनच्या दक्षिणेस पर्ली येथे राहू लागले आणि मालिकेचे नाव 'टेरी अँड जून' असे ठेवण्यात आले. १९८७ पर्यंत तिचे ६५ भाग झाले. नवरा एखादी अचाट कल्पना काढतो, हट्टाने तीत अडकतो आणि बायको ते पाहत राहते, हा साचा. स्कॉट यांचा अभिनय मोठ्या, गुटगुटीत मुलासारखा होता. बाईंचा बहुतांशी ऐकण्याचा. त्यांचे ऐकणे इतके पटण्यासारखे होते की हे दोघे खरोखरीचे पतिपत्नी आहेत अशी पुष्कळ प्रेक्षकांची समजूत होती. प्रत्यक्षात १९५५ मध्ये त्यांचा विवाह टिमोथी एचिसन यांच्याशी झाला होता; त्यांची कन्या सूझी हीही अभिनेत्री झाली. मालिकेच्या नावात जूनचे नाव प्रथमच आले, आणि आले ते पुन्हा त्याच अव्ययाच्या पलीकडे.

याच काळात विनोदाची एक नवी पिढी पुढे आली. १९८२ मधील 'द यंग वन्स'सारख्या मालिकांतून या मंडळींनी उपनगरी बैठकीच्या खोलीतील विनोदाविरुद्ध बंड पुकारले, आणि 'टेरी अँड जून' हे नाव जुनाटपणाचे प्रतीक म्हणून वापरले जाऊ लागले. ही टीका सर्वस्वी अन्याय्य होती असे नाही. मालिकेतील प्रसंग ठराविक होते, आणि बाहेरच्या समाजातील बेकारी वा संपांचा वाराही पर्लीला लागत नसे. परंतु टीकाकारांनी लेखनाचे दोष अभिनयाच्या माथी मारले.

बाईंच्या बाजूने पाहता, त्यांनी या वादात न पडता १९८४ मध्ये रॉय हड यांच्या 'द न्यूज हडलाइन्स' या नभोवाणी-कार्यक्रमात प्रवेश केला. ताज्या बातम्यांवरील हा विनोदी कार्यक्रम होता, आणि त्यात होतकरू, अनोळखी लेखकांचेही साहित्य घेतले जाई. हड, ख्रिस एमेट आणि व्हिटफील्ड अशा तिघांनी वर्षानुवर्षे शेकडो आवाज काढले. बाईंची मार्गारेट थॅचर विशेष गाजली. पर्लीची सोशिक गृहिणी ज्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर दिसे, त्याच सुमारास तोच कंठ नभोवाणीवर पंतप्रधानांची नक्कल करीत असे. टीकाकारांच्या कानांवर हे आले नसावे! हड यांच्याशी त्यांचा स्नेह कार्यक्रम २००१ मध्ये संपेपर्यंत आणि पुढेही टिकला.

ज्या पिढीने 'टेरी अँड जून'ची थट्टा केली, तिच्यातीलच एक लेखिका-अभिनेत्री जेनिफर सॉन्डर्स. तिने १९८८ मध्ये 'फ्रेंच अँड सॉन्डर्स'मध्ये व्हिटफील्डबाईंना बोलाविले आणि १९९२ मध्ये 'अ‍ॅब्सोल्यूटली फॅब्युलस' या मालिकेत आपल्या आईची भूमिका दिली. नायिका एडिना ही फॅशनच्या दुनियेतील उधळी, आत्मकेंद्री स्त्री. आई स्वयंपाकघरात शांतपणे काहीतरी चाळीत बसलेली. एडिना आक्रोश करते, की आपल्या आत एक सडपातळ व्यक्ती बाहेर येण्यासाठी ओरडत आहे. आई अत्यंत ममतेने चौकशी करते, की एकच ना? या प्रवेशात भूमिकांची अदलाबदल झालेली आहे. संहिता सॉन्डर्सची, मुख्य भूमिकाही तिचीच. परंतु आधीचे वाक्य तिने स्वतःकडे ठेवले आहे आणि हशाचे वाक्य म्हाताऱ्या नटीला दिले आहे. सौजन्याचे रूप तसेच ठेवून त्यातून घाव घालण्याची ही रीत एथपासूनच बाईंपाशी होती. फरक इतकाच, की एथला आपण काय बोललो ते कळत नसे आणि या आईला ते पुरते कळते. अभिनयात हा फरक दाखविण्यासाठी त्यांनी आवाज चढविला नाही की मुद्रा बदलली नाही. केवळ वाक्यापूर्वीचा विराम किंचित लांबविला.

यानंतर लगेच, १९९३ पासून, बी.बी.सी.च्या रेडिओ फोरवर अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पलची भूमिका त्यांच्याकडे आली. मायकेल बेकवेल यांनी रूपांतरित केलेल्या बाराही कादंबऱ्या २००१ पर्यंत प्रसारित झाल्या. अखेरीस ही नायिकेचीच भूमिका होती खरी; पण ही नायिका विणकाम करीत कोपऱ्यात बसते, इतरांचे बोलणे ऐकते, आणि ती ऐकते आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

२००१ हे वर्ष विलक्षण ठरले. 'हडलाइन्स' संपला, मार्पल-मालिका पूर्ण झाली, पती टिमोथी यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी 'अ‍ॅब्सोल्यूटली फॅब्युलस' नव्याने सुरू झाली. पंचाहत्तरी उलटलेल्या बाई पुन्हा त्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. पुढे २००५ ते २०१० 'लास्ट ऑफ द समर वाइन'मध्ये त्या होत्या. २०१६ मध्ये निघालेल्या 'अ‍ॅब्सोल्यूटली फॅब्युलस'च्या चित्रपटातही आईची भूमिका त्यांनीच केली. २०१७ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. डिसेंबर २०१८ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. टेरी स्कॉट १९९४ मध्येच गेले होते. एडवर्ड्‌स, हॅन्कॉक आणि हॉवर्ड तर त्यांच्याही आधी. नॉर्डन यांचा मृत्यू त्याच २०१८ सालच्या सप्टेंबरातला. एथचे ते संबोधन ज्यांनी लिहिले आणि जिने उच्चारले, त्यांच्यापैकी डिसेंबरपर्यंत उरली होती ती उच्चारणारीच.