एकवीस अंक आणि तीन वर्षांचे रविवार

मंडळी, आधी हा आकडा बघून घ्या: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकी. दोनाचा ६७ वा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा, की झाला तयार.

१६४४ साली मर्सेन नावाच्या फ्रेंच साधूने आपल्या एका यादीत ठोकून दिलं की ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. सिद्धता वगैरे काही नाही! पण एवढ्या मोठ्या आकड्याची शहानिशा करणार कोण आणि कशी?

१८७६ मध्ये, म्हणजे २३२ वर्षांनी, एद्वार लुकास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ही संख्या मूळ नाहीच. गंमत म्हणजे तिचे अवयव त्यालाही माहीत नव्हते. त्याची चाचणी फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगते. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल झाली, पण बग कुठल्या ओळीत आहे याचा पत्ता नाही.

मग १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन गणित संस्थेची सभा भरली. पुढचा किस्सा एरिक टेंपल बेल यांनी लिहून ठेवलाय (त्यांना किस्से रंगवायची सवय होती, हेही सांगून टाकतो). फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूला आपला एकवीस अंकी आकडा मांडला. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार हातानेच केला. उत्तर तेच! एक अक्षर न बोलता ते जागेवर जाऊन बसले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हे शोधायला किती वेळ लागला, असं बेलनी पुढे विचारलं तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

या संख्येचा कुठलाही अवयव १३४क + १ अशाच रूपात असतो. तरी लहान अवयवासाठी क जातो थेट १४,४५,५८० वर. कॅल्क्युलेटर नसताना! कोलनी वर्गशेषांच्या हिशोबाने आधी बरेचसे उमेदवार बाद केले, म्हणून तर जमलं.

आज माझा लॅपटॉप हे अवयव क्षणात काढतो. मग त्या रविवारांचं मोल काय? मला वाटतं, कोलनी एक फरक फळ्यावर मांडून दाखवला. गुणाकार सोपा, उलटं जाणं महाकठीण. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच फरकावर आरएसए ही कुलपाची पद्धत उभी केली. कितीतरी वेबसाइटची सर्टिफिकेटं आजही तिच्यावर चालतात, फक्त आकडे सहाशेहून जास्त अंकी. आणि २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल, सक्सेना यांनी सिद्ध केलं की संख्या मूळ आहे की नाही हे झटपट, खात्रीने ठरवता येतं. अवयव झटपट काढायची युक्ती मात्र साध्या संगणकासाठी अजून कोणाला सापडलेली नाही. म्हणजे लुकास आणि कोल यांच्यामधली ती दरी अजून तशीच आहे, आणि आपले पैसे तिच्याच भरवशावर आहेत.

असो. येत्या रविवारी कागद-पेन घेऊन कोलचा गुणाकार करून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. उलटं मात्र जाऊ नका, सोमवारी ऑफिस आहे!