तालुक्यातला खेळाडू कोणी निवडला?

आजचे भाषण इतिहासावर आहे, पण लढायांच्या इतिहासावर नव्हे. गावातले एखादे पोर वाऱ्यासारखे धावते, एखादे कुस्तीत कोणाला ऐकत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. पण त्याला गावाबाहेर पुढे कोण नेते? आणि नेल्यावर त्याच्या दोन वेळच्या भाकरीचे काय? या दोन प्रश्नांना आपल्या भागाने वेळोवेळी कसे उत्तर दिले, ते पाहू या.

अमेरिकेत याची एक रीत पडून गेली आहे. तिकडे दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजे असतात. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने 1891 साली पीच फळाच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल हा खेळ काढला, तो या कॉलेजांचा मोठा आवडता. त्यांची क्रीडासंघटना 1938 साली स्थापन झाली, आणि 1949 पासून कॅन्सस राज्यातल्या हचिन्सन गावी त्यांची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. कॉलेजचा प्रशिक्षक शाळांचे सामने बघत हिंडतो, मुलगा हेरतो, घरच्यांशी बोलतो, आणि कॉलेजची ऐपत असेल तर फीची, राहण्याजेवणाची सोय देऊ करतो. मुलाने कागदावर सही केली की व्यवहार पक्का!

आपल्याकडेही 1975 पासून ज्युनिअर कॉलेज आहे. पण त्याचे दार उघडते ते मुख्यतः दहावीच्या गुणांवर. खेळाडू शोधत कॉलेजचा माणूस वाडीवस्तीवर आला, असे सहसा घडत नाही. मी स्वतः कॉलेजात शिकवतो, म्हणून हे जाणून बोलतो. आपल्याकडची निवड वेगळ्याच वाटेने होत आली.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगाने लहानखुरे. असे सांगतात, की कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी त्यांना घ्यायलाच नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, परवानगी मिळवली, आणि आखाड्यात एकेकाला लोळवले. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे सहावा क्रमांक आला.

पुढच्या चार वर्षांत काळ बदलला. 1948 मध्ये आपले फलटण संस्थान विलीन झाले, 1949 मध्ये कोल्हापूर. राजाश्रय संपला, आणि त्याची जागा घेणारी सरकारी व्यवस्था अजून जन्माला यायची होती. 1952 साली हेलसिंकीला जायचे तर पैसा कोठून आणायचा? लोकांनी वर्गणी काढली, आणि त्याच प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतताना मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. माझ्या मते त्या मिरवणुकीइतकेच खर्डेकरांचे गहाणखत इतिहासाच्या पुस्तकात छापायला हवे.

आता फलटणकडे येऊ. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीला मोठे क्रीडासंकुल उभे राहिले, आणि राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी तिथे चालू लागली. लहान वयातच मुले निवडायची, राहणे, जेवण, शाळा, सराव सारे एका छत्राखाली. निवडीसाठी चाचण्या असतात. तीस मीटर धावणे, आठशे मीटर धावणे, उभ्या जागी उडी, वजनदार मेडिसिन बॉल फेकणे, कमरेत वाकून लवचिकता दाखवणे. इथे राजाची मर्जी लागत नाही की प्राचार्यांचे घर गहाण पडत नाही. तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या दोघी याच वाटेने पुण्याला हॉकी शिकल्या, आणि 2022 साली दक्षिण आफ्रिकेत झालेल्या ज्युनिअर विश्वचषकात भारताच्या संघात एकत्र खेळल्या. एका तालुक्यातल्या दोन मुली! त्या वेळी संघ चौथा आला.

पण चाचणीचा फळा सगळेच सांगत नाही. सरडे गावच्या प्रवीण जाधवचे आईवडील मोलमजुरी करीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतले विकास भुजबळ गुरुजी यांनी त्याला धावायला लावले, पण पोराच्या अंगात ताकदच नव्हती. तेव्हा गुरुजींनी आधी त्याच्या खाण्याची काळजी वाहिली. पुढे प्रबोधिनीत दहा मीटरवरून कड्यात चेंडू टाकायची चाचणी झाली. प्रवीणचे दहापैकी दहा चेंडू कड्यातून गेले. बास्केटबॉलवाल्यांनी असे पोर सोडले नसते. इथे ते धनुर्विद्येकडे गेले. अमरावतीच्या प्रबोधिनीत आधुनिक जड धनुष्य ओढताना मात्र तीच अंगकाठी पुन्हा आडवी आली. कामगिरी घसरली, आणि त्याला परत पाठवण्याची वेळ आली. गुरुजींनी मध्ये पडून आणखी एक संधी मागून घेतली. ती मिळाली नसती, तर सरड्याचे नाव आपण आज घेतले नसते.

2019 साली जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासह त्याने सांघिक रौप्यपदक मिळवले. तोवर तो सैन्यात भरती झाला होता. 2021 मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत त्याचे गुण भरले 656, तिन्ही भारतीय पुरुषांत सर्वांत जास्त. म्हणून मिश्र स्पर्धेत दीपिका कुमारीबरोबर उभे राहण्याचा मान त्यालाच मिळाला. उपांत्यपूर्व फेरीत कोरियाने त्यांना हरवले. एकेरीत पहिला सामना त्याने 6-0 असा जिंकला, आणि पुढच्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून तितक्याच फरकाने तो हरला.