पित्त, पोट आणि नवे फुप्फुस

आमच्या घरी आंबट ढेकर आले की पित्त झाले म्हणायचे आणि मोरावळा खायचा. त्यापलीकडे कुणी विचार केला नव्हता. माझ्या थोरल्या भावावर इथे हॉलंडमध्ये फुप्फुसाचे रोपण झाले. पुढे डॉक्टरांनी विचारले, "छातीत जळजळते का?" दादा म्हणाला, "अजिबात नाही." तरी नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास मोजणी झाली. आम्ल सारखे वर येत होते आणि त्याला पत्ताच नव्हता!

रोपणात नव्या फुप्फुसाचे मज्जातंतू तुटलेले असतात, त्यामुळे ठसका लागून घसा साफ होत नाही. जठराकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू दुखावला तर पोट सावकाश रिकामे होते. मग झोपेत पोटातले थेंब फुप्फुसात उतरतात आणि बारीक श्वासनलिका हळूहळू बुजण्याला हातभार लागतो, असे तज्ज्ञ मानतात. गोळ्यांनी आम्ल कमी होते, पण वर येणे थांबत नाही. रोपण झालेल्यांच्या फुप्फुसांत पित्तरसही सापडला आहे. म्हणजे आमचा 'पित्त' हा शब्द अगदीच चुकीचा नव्हता.

हे वर येणे थांबवण्याचा खटाटोप जुना आहे. अ‍ॅमस्टरडॅमचे ईटे बूरेमा १९५० च्या दशकात जठर पोटाच्या पुढच्या भिंतीला टाके घालून बांधत. (याच गृहस्थांनी पुढे दाबाखालच्या प्राणवायूत जवळजवळ रक्तपेशींविना डुकरे जगवून दाखवली!) पण टिकली ती नाझी जर्मनी सोडलेल्या रुडॉल्फ निसेन यांची रीत. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळायचा, ही त्यांची युक्ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९१ मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या दालमान्य यांनी ती दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले. दुर्बिणीची आणि पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना डच शल्यविशारदांनी मांडली, पण दुर्बिणीच्या गटात गिळायचा त्रास जास्त दिसल्याने ती मध्येच थांबवली आणि २००० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तसे प्रांजळपणे छापले. पुढच्या वर्षांत दोन्ही रीती जवळपास सारख्याच ठरल्या.

दादा याच मुद्द्यावर अडला होता. गिळता आले नाही तर रोजच्या गोळ्या कशा घ्यायच्या? दुसऱ्या पारड्यात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाची २००३ ची पाहणी होती. तिच्यात गुंडाळणीनंतर अनेकांचा श्वास सुधारला होता. पण निष्कर्ष जुन्या नोंदींवरून काढलेला. आठवडाभर विचार करून त्याने होकार दिला.

पहिले काही आठवडे नुसती पेज आणि सूप. आता तो सगळे खातो. फक्त गुंडाळणीमुळे ढेकर देता येत नाही. पुरणपोळीचे जेवण झाले की वहिनी त्याच्याकडे बघते आणि तो नुसताच पोटावरून हात फिरवतो.