पॉइंट टू टू : रायफलीला हक्क, पिस्तुलाला कारण



पत्रिकेवरचा आजचा विषय वाचून एक-दोघांनी आम्हाला दारातच अडवलं. म्हणाले, इतिहासाच्या व्याख्यानात हे पिस्तूल कुठून आलं? सांगतो. मागे एका गावी व्याख्यान संपल्यावर एक शेतकरी गृहस्थ मागे थांबले. मुलगी नववीत होती. एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफलीवर तिचा नेम छान बसला होता आणि आता तिला पिस्तूल शिकायचं होतं. ‘सर, सरावाला कुठलं पिस्तूल घ्यावं?’ एवढंच त्यांनी विचारलं. आम्ही हौसेनं चार परदेशी कंपन्यांची नावं सांगून टाकली. परतीच्या एसटीत लक्षात आलं की आम्ही मूर्खपणा केला. त्या माणसाला दुकानात निवड करायचीच नव्हती. निवड त्याच्या जन्माआधीच, कायद्याच्या पुस्तकात होऊन गेली होती. आज जे बोलतोय ते त्या चुकलेल्या उत्तराची दुरुस्ती समजा.

आधी काडतुसाचं बघू. १८४५ च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिरानं एक युक्ती काढली. ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीच्या तोंडावरच त्यानं बारीक गोळी बसवली. वेगळी दारू नाही, काही नाही. श्रीमंतांनी दिवाणखान्यात बसून नेम धरायचा, एवढाच तिचा उपयोग. म्हणजे या काडतुसाचा जन्मच सरावासाठी झाला, लढाईसाठी नाही. पुढे १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी त्यात दारू भरून .२२ शॉर्ट आणि त्याचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. साल लक्षात घ्या बरं का. आपल्याकडे शिपाई दातानं तोडायच्या कागदी काडतुसावरून पेटले, त्याच वर्षी तिकडे धातूचं बंद काडतूस विकायला होतं. १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल आलं, आणि आजही जगभर पिस्तुलात तेच घालतात. नावात रायफल, वापर पिस्तुलात. ही नावाची गंमत पुढे आपल्याला फार महागात पडणार आहे.

याला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटते. कड चेपली जावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो, पातळ पत्र्याला जास्त दाब सोसत नाही, म्हणून दारू थोडी. दारू थोडी म्हणून धक्का कमी, आवाज कमी, खर्चही कमी. एकदा उडालं की पुन्हा भरता येत नाही. नवशिक्याला हेच हवं असतं. मोठ्या बोअरच्या धक्क्यानं माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला शिकतो, आणि ती खोड मोडायला वर्षं जातात.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. लिटनचा हत्यारांचा कायदा १८७८ चा. तो ब्रिटिश हद्दीचा. आणि जत तेव्हा डफळ्यांचं संस्थान, सातारच्या जहागिरींपैकी एक. पण संस्थानात काय आणि खालसात काय, सामान्य माणसाच्या हातात बंदूक असलीच तर ती रानडुकरं हाकायला ठासणीची. पिस्तूल ही चीजच वेगळी. ती कमरेला लपते. महाराष्ट्राच्या आठवणीत पिस्तूल कुठे आहे, आठवून पाहा. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद नाट्यगृह, अनंत कान्हेरे आणि कलेक्टर जॅक्सन. पिस्तूल ब्राउनिंगचं, लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीसांतलं. पुढे १९४३ नंतर आपल्याच या भागात, कुंडल-वाळव्याकडे, पत्रीसरकारची तुफान सेना. आपल्याला या गोष्टी अभिमानाच्या. पण सरकारी दप्तरात पिस्तूल म्हणजे कट, एवढीच नोंद पक्की झाली. सरकार बदललं तरी दप्तर तेच राहतं.

८ मार्च १९४८ ला जत मुंबई राज्यात विलीन झालं, मग दक्षिण सातारा जिल्हा, मग १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली. मधे १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, मूळचे कोकणातल्या घरातले. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावानं होते. आमच्या मते ही मोठी गोष्ट होती. ज्यांना पंचाहत्तर वर्षं शस्त्र नाकारलं, त्यांना खेळ म्हणून ते परत द्यायचं होतं. पण संस्थेच्या नावात पुन्हा रायफलच.

मग १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याचं तेरावं कलम आम्ही कितीदा वाचलं असेल! मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफल हवी असेल, तर कायद्यातल्या नेहमीच्या अटी पाळून परवाना अधिकाऱ्यानं परवाना द्यायचा आहे. पिस्तुलासाठी मात्र अर्जदाराकडे योग्य कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. आता बघा. काडतूस तेच, दारू तेवढीच, गोळी तीच. लांब नळीतून उडाली तर तो हक्क, आखूड नळीतून उडाली तर कारण द्या! कुणी बाकावरून म्हणेल, आखूड नळी लपते हो. बरोबर आहे, आम्ही त्या भीतीला वेडगळ म्हणत नाही. पण त्या भीतीची किंमत कोणी मोजली? ज्याच्या घरी मोटार होती, मुंबई-पुण्यात ओळख होती, त्यानं कारण दाखवलं. नामांकित नेमबाज झाल्यावर आयातीच्या सवलती मिळतात. पण नामांकित होण्याआधी कशावर सराव करायचा? उत्तर एकच : क्लबच्या सामायिक हत्यारावर.

आणि इथे खरी अडचण हाताची आहे. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरलेले आहेत. वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, चाप किमान १००० ग्रॅमचा, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, आणि सगळं मिळून ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. या चौकटीत जर्मनीचं वॉल्थर, मूळचं स्वित्झर्लंडचं हेमर्ली, इटलीचं पार्दिनी, सगळीच अचूक. १९६८ च्या सुमारास आलेल्या वॉल्थर जीएसपीत मॅगझिन चापाच्या पुढे नेलं आणि नळी मुठीजवळ खाली आणली, म्हणजे धक्क्यानं तोंड कमी उचलतं. ही खरी सुधारणा. बाकी फरक मुठीत. अक्रोडाच्या लाकडाची मूठ लहान, मध्यम, मोठी, डावी, उजवी अशी मिळते, आणि तीही नेमबाज कानशीनं घासून, लांबी भरून स्वतःच्या तळव्याला बसवून घेतो. पिस्तूल उचललं की मनगट न वळवता खूण आपोआप जागेवर आली पाहिजे. चपलेसारखं आहे. दुसऱ्याची घालून चालता येतं, पळता येत नाही. क्लबच्या पिस्तुलाची मूठ दहा जणांची. ती घासणार कोण?

तरीही आपल्या शेजारी काय घडलं बघा. कोल्हापूरची राही सरनोबत. शाळेच्या एनसीसीत बंदुकीची ओळख, डोळ्यांसमोर तेजस्विनी सावंत, जी २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन रायफलीत विश्वविजेती झाली. राहीनं मात्र पिस्तूल धरलं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात पुण्याच्या अनिसा सय्यदबरोबर जोडीचं सुवर्ण, एप्रिल २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. हे सगळं .२२ रिमफायर पिस्तुलावर. त्या प्रकारात निम्म्या गोळ्या अशा असतात की लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं. तेवढ्यात हात खालून वर आणून एकच गोळी मारायची. तिथे परकी मूठ चालत नाही. दुसरीकडे याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य घेऊन आला, तो रायफलीवर.

म्हणून त्या गृहस्थांना आज आम्ही वेगळं सांगू. पिस्तूल घेऊ नका, आधी क्लब शोधा. जतहून सांगली, कोल्हापूर लांब पडतं, तरी रविवार काढा. सुरुवात दहा मीटरच्या एअर पिस्तुलावर करा. ठरावीक ताकदीच्या आतल्या .१७७ एअर पिस्तुलाला परवान्यातून सूट आहे, आणि हात, श्वास, चाप हे सगळं त्यावरच शिकता येतं. मुलीचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ काढून घ्या, मूठ मागवताना तो कागद लागतो. क्लबमध्ये रिमफायरवर बसवाल तेव्हा एकाच जातीची काडतुसं वापरा, दर महिन्याला बदलू नका. स्पर्धांचे निकाल, प्रमाणपत्रं, क्लबची पत्रं पहिल्या दिवसापासून एका फायलीत लावा. पुढे परवान्याच्या अर्जात जे ‘कारण’ मागतात, ते या फायलीतूनच निघतं.

त्यांचा पत्ता आम्ही तेव्हा घेतला नव्हता. इथे कुणी त्यांना ओळखत असेल, तर हा निरोप द्या.