तळ्यातला गणपती, पण तळे कुठे? हिराबागेच्या बंगलीची आणि हरवलेल्या पाण्याची गोष्ट

पुण्यात रिक्षावाल्याला ‘तळ्यातला गणपती’ म्हणून सांगा, तो तुम्हाला सारसबागेच्या दाराशी आणून सोडील. हिरवळ, भेळेच्या गाड्या, खेळणारी मुले, सारे दिसेल. तळे मात्र दिसणार नाही. तेथून जवळच टिळक रस्त्यावर ‘हिराबाग’ नावाचा चौक आहे. तेथेही बाग नाही. ही दोन्ही नावे एकाच पाण्याची आहेत. आजचा थ्रेड त्या पाण्याचा आणि त्याच्या काठी उभ्या राहिलेल्या एका बंगलीचा.

आरंभ आंबील ओढ्यापासून करू. कात्रजच्या डोंगरातून निघणारा हा ओढा पूर्वी थेट शहराच्या वस्तीतून वाहत जाऊन मुठेला मिळे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले आणि त्याच काळात टेकडीच्या पायथ्याशी बांध घालून ओढ्याचे पाणी अडवले. प्रवाह पश्चिमेकडे, आजच्या दत्तवाडीच्या बाजूला वळवला गेला. मोकळ्या झालेल्या भूमीवर पुढे सदाशिव पेठेची वस्ती वाढली. म्हणजे पेठेतल्या कित्येक वाड्यांचा पाया एका स्थलांतरित ओढ्याच्या जुन्या वाटेवर आहे. पर्वतीच्या तळ्याची गोष्ट सांगताना लोक ‘रम्य जलाशय’ म्हणून थांबतात. ते मुळात एक धाडसी जलकार्य होते, हे विसरले जाते.

तळे बांधताना मध्यभागी एक उंचवटा राखून ठेवला. त्या बेटावर बाग फुलली, ती सारसबाग. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी तेथे गणपतीचे छोटेखानी मंदिर बांधले. बेटावर जाण्यास होडी लागे. असेही सांगतात, की गुप्त मसलतींसाठी पेशवे या होड्यांचा उपयोग करीत आणि वल्हवणारे मराठी न समजणारे हबशी असत. कथा ऐकीव आहे, परंतु भिंतीला कान असलेल्या शहरात पाण्याला कान नसतात हे कुणाला तरी सुचले असेल, यात नवल नाही.

आता काठाकडे येऊ. तळ्याच्या उत्तरेच्या बाजूस नानासाहेबांच्याच काळात हिराबाग आकाराला आली. बागेत पेशव्यांची बंगली होती. शनिवारवाड्याच्या तटबंदीतील दरबार वेगळा आणि हे ठिकाण वेगळे: समोर पाणी, पाण्यापलीकडे पर्वती, भोवती झाडी. शासनकर्त्याला विसाव्यासाठी लागते तसे हे घर होते. मोठेपणाचा देखावा करण्यासाठी बांधलेले नव्हते.

या बंगलीचे एक चित्र एका इंग्रज उमरावाच्या प्रवासवर्णनात सापडते. लॉर्ड व्हॅलेंशिया १८०४ च्या सुमारास पुण्यात आला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने हिराबागेत त्याला मेजवानी दिली. पाहुण्यांना जोडे काढून बसावे लागले. व्हरांड्यात पांढरे कापड अंथरले होते, त्यावर केळीची पाने, पानांवर साधा व गोड भात, पापुद्र्यासारखी पातळ पोळी, सात तऱ्हांच्या भाज्या, द्रोणांत तूप आणि खीर. पानाच्या एका कडेला ओळीने मांडलेले गोड पदार्थ त्याला चित्रकाराच्या रंगफळीसारखे भासले. सावध इंग्रजांनी सुऱ्या, काटे, चमचे बरोबर आणले होते. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह होऊन पेशव्यांनी स्वातंत्र्य गहाण टाकले होते, हे ध्यानात ठेवून हा प्रसंग वाचावा. पंगतीची रीत यजमानाची होती. राज्याची सूत्रे पाहुण्यांच्या हातात गेली होती.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. बाजीरावाने ती पर्वतीवरून पाहिली, असे मानतात; म्हणजे त्याच्या पायथ्याशी हेच तळे आणि हीच बाग पसरलेली असणार. पुढच्याच वर्षी तो शरण गेला आणि त्याची रवानगी गंगाकाठच्या बिठूरला झाली. त्याला पुन्हा पुणे दिसले नाही.

अशा घरांचे पुढे काय होते? बहुधा पडझड होते. आधी छप्पर गळते, मग लाकूड कुजते, नंतर कुणीतरी खांब उपटून नेतो. हिराबागेच्या नशिबी वेगळे होते. एकोणिसाव्या शतकात ती नगरसभागृह झाली, ‘टाउन हॉल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १८८४ मध्ये मुलींसाठी हायस्कूल हवे, या मागणीची सभा येथे भरली आणि रमाबाई रानडे यांनी तीत इंग्रजीतून भाषण केले. घरी परतल्यावर त्यांना नातलग स्त्रियांचे टोमणे ऐकावे लागले. ते हायस्कूल त्याच वर्षी सुरू झाले. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. १८९२ मध्ये टिळकांकडे पाहुणा म्हणून उतरलेला एक अनोळखी संन्यासी त्यांच्याबरोबर हिराबागेतील डेक्कन क्लबच्या बैठकीला गेला होता. तो संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद. शिकागोला अजून अवकाश होता.

माझे मत असे, की हिराबागेचा खरा सुवर्णकाळ हाच. पेशव्यांच्या विसाव्यापेक्षा रमाबाईंचे ते भाषण मला मोठे वाटते.

परंतु बंगलीला नवे धनी मिळाले तरी तळ्याला कोणी मिळाला नाही. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण झाले, शहराला नवे पाणी मिळाले आणि पेशवेकालीन जलव्यवस्थेचे महत्त्व उतरत गेले. गाळाने उथळ होत चाललेले पर्वतीचे तळे अखेर आटवले गेले. त्या पात्राच्या एका भागात १९५३ मध्ये पेशवे उद्यान झाले. १९५६ मध्ये तेथे ‘फुलराणी’ धावू लागली. बेटाभोवती पाण्याऐवजी हिरवळ आली. ज्या पाण्याकडे तोंड करून हिराबाग वसली होती, ते पाणीच नाहीसे झाल्यावर ‘तळ्याकाठचे घर’ हे वर्णन निरर्थक झाले. वास्तू पडण्याआधी तिचे कारण पडते, असा प्रकार.

काठ मात्र रिकामा राहत नाही. ओढ्याच्या आणि कालव्याच्या कडेने, दांडेकर पूल, जनता वसाहत, टांगेवाला कॉलनी अशा ठिकाणी गरिबांची दाट वस्ती झाली. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीच्या पायथ्याजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळची घरे पाण्यात गेली. बरोबर एक वर्ष होता होता, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबील ओढ्याला पूर आला. काठावरच्या अनेकांचे प्राण गेले, भिंती कोसळल्या, वाहने कागदी होड्यांसारखी वाहून गेली.

त्यानंतर ओढ्याचे पात्र सरळ व रुंद करण्याचा प्रश्न पुढे आला. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळच्या घरांवर बुलडोझर आले. रहिवाशांनी अडवले, पोलिसांशी झटापट झाली आणि त्याच दिवशी न्यायालयाने पाडकामाला स्थगिती दिली. पुराचा धोका खरा होता आणि ऐन पावसाळ्यात छप्पर जाण्याचे दुःखही खरे होते. पेशव्यांनी ओढा वळवला त्याला आपण दूरदृष्टी म्हणतो. वळवलेल्या ओढ्याच्या काठी राहणाऱ्याला अतिक्रमण म्हणतो. दोन्ही शब्द कदाचित बरोबर असतील. पण इतिहास वाचताना ते एकत्र वाचावेत.

सारसबागेत पुढच्या वेळी जाल तेव्हा गणपतीकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर क्षणभर थांबा. सपाट बागेत हे देऊळच तेवढे उंचावर का, याचे उत्तर आता तुमच्यापाशी आहे: तुम्ही बेटावर चढत आहात. वर पोहोचून पर्वतीकडे पाहा, मग पाठमोरे होऊन हिराबागेच्या दिशेला. मधली सगळी जागा एकेकाळी पाण्याखाली होती.