महाबळेश्वरची सहल : पॉइंटच्या पलीकडे



वर्षाचा हिशेब पुरा झाला की आपल्या गटांत सहलीचा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा नाव पुढे येतं महाबळेश्वरचं. मग जीप ठरते, डबे भरले जातात. पॉइंट बघायचे, घोड्यावर बसून फोटो काढायचा, स्ट्रॉबेरी क्रीम खायचं आणि रात्री घरी. जरूर करावं. पण या डोंगराला इतिहास आहे. तो माहीत असला तर त्याच जागा वेगळ्या दिसतात.

सुरुवात बाजारपेठेतून न करता जुन्या महाबळेश्वरपासून, म्हणजे क्षेत्र महाबळेश्वरपासून करा. इथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला भेटते, कोयना कराडला. सावित्री मात्र पाठ फिरवून कोकणात उतरते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. आपल्या रानातल्या पाटाला येणाऱ्या पाण्याचं हे माहेर. याच क्षेत्री ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली. आईचा मान राखणारा हा प्रसंग इथं घडला, हे किती सहलींना ठाऊक असतं?

खाली जावळीच्या रानात प्रतापगड आहे. १६५६ मध्ये तो बांधून झाला आणि तीनच वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, त्याच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. गड चढताना आजूबाजूचं जंगल नीट बघा, म्हणजे महाराजांनी हीच जागा का निवडली ते कळेल.

आज आपण ज्याला महाबळेश्वर म्हणतो ती पेठ इंग्रजांच्या काळातली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला इथली हवा मानवली. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली गेली आणि बदल्यात वाई भागातलं खंडाळा गाव त्यांना मिळालं. पेठेला नाव पडलं माल्कम पेठ. वेण्णा तलाव मात्र साहेबाचा नव्हे. तो १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवला. आपण होडीत बसतो ते पाणी लोकांच्या पिण्याचं आहे, तेव्हा वेफरचं पाकीट तिथं टाकू नका.

इथं एक तुरुंगही होता. मलाया-सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेले चिनी कैदी त्यात ठेवत. बटाटा आणि परदेशी भाजीपाला पिकवण्याची, वेताच्या वस्तू विणण्याची कला त्यांनी इथल्या लोकांना दिली, अशी नोंद आहे. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, कैदी गेले, कला राहिली. बाजारात वेताची टोपली घेताना घासाघीस करण्याआधी हे आठवा.

आता केट्स पॉइंट. या जागेचं जुनं नाव नाके खिंड. माल्कमच्या मुलीवरून ते केट्स झालं, असं सांगतात. इथून खाली कृष्णेचं खोरं, धोम आणि बलकवडी धरणांचं पाणी दिसतं. साहेबाच्या लेकीचं नाव कड्याला लागलं. पण साहेबांच्या बंगल्यांवर पाणी भरणाऱ्या, डोंगरातून मोळ्या आणणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

आणि हे जुन्या काळापुरतं नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे या मातीचं नाव दुसऱ्या कुणाला आपल्या मालाला लावता येत नाही. गादीवाफ्यावर रोपं लावणं, पहाटेच्या गारठ्यात वाकून फळ तोडणं, प्रतवारी करणं, डबीत भरणं, यातलं कितीतरी काम बायांच्या हातचं. पण सातबारा कुणाच्या नावावर? माल विकल्याचे पैसे कुणाच्या खात्यात? मानांकनाचा भाव तिच्या मजुरीत किती उतरतो? आपल्याही गावात उसाचं, हळदीचं असंच आहे, म्हणून हा प्रश्न आपला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, सहलीत दोन कामं जोडून घ्या. एक, परवानगी काढून एखाद्या स्ट्रॉबेरीच्या शेतात जा आणि तिथल्या बाईशी बोला. रोज किती, हंगाम किती दिवस, पावसाळ्यात काय करता, हे विचारा. दुसरं, जाम, सरबत किंवा मध घेताना एखाद्या बचत गटाचा माल मिळतो का, ते आधी बघा. वेळ उरला तर पाचगणीजवळच्या भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत कपाटं मांडलीत, बसून वाचता येतं, पैसे पडत नाहीत.

परत आल्यावर पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची : तिथं कुणाचं काम बघितलं आणि त्या कामावर नाव कुणाचं होतं. सचिवताईंनी ते इतिवृत्तात लिहून ठेवावं. आपल्या हातानं लिहिलेला तोही इतिहासच.