मिक्सिन
वेबपानांच्या शैलीपत्रकात वारंवार लागणाऱ्या नियमांचा, नाव दिलेला गट. एकदा लिहून तो हवा तिथे नावाने वापरता येतो. ही सोय सॅस, लेस, स्टायलस या प्रीप्रोसेसरांत आहे. कंपायलर मिक्सिन उलगडून साधी सीएसएस तयार करतो; ब्राउझरपर्यंत मिक्सिन पोचतच नाही.

सॅस हॅम्प्टन कॅटलिन यांनी योजली व २००६पासून नॅटली वायझेनबाउम यांनी वाढवली. तिच्या मूळ, इंडेंटवर चालणाऱ्या पद्धतीत मिक्सिनच्या व्याख्येला बरोबरचे व वापराला अधिकचे चिन्ह असे. २०१०च्या तिसऱ्या आवृत्तीत महिरपी कंसांची एससीएसएस पद्धत आली आणि ‘@मिक्सिन’ व ‘@इन्क्लूड’ रुळले. २०१२पासून ‘@कंटेंट’मुळे नियमांचा अख्खा गट मिक्सिनच्या आत पाठवता येतो, मीडिया क्वेरींची (पडद्याच्या रुंदीसारख्या अटींची) पुनरुक्ती त्याने थांबली.

मिक्सिनचा प्रसार झाला तो ब्राउझरांच्या उपसर्गांमुळे. चौकटीचे कोपरे गोल करायचे तर एकच किंमत वेबकिट, मोझिला आणि प्रमाण अशा तीन ओळींत लिहावी लागे. मिक्सिनला त्रिज्या दिली की तिन्ही ओळी मिळत. क्रिस एप्स्टाइन यांचे कंपास हा अशा मिक्सिनांचा मोठा संग्रह. २०१३मध्ये आलेल्या ऑटोप्रिफिक्सरने हे काम आपल्याकडे घेतले.

मिक्सिन दहा ठिकाणी वापरला तर नियम दहा वेळा उमटतात. सॅसमधील दुसरी सोय ‘@एक्स्टेंड’ नियम एकदाच ठेवून सिलेक्टर जोडते, मात्र मीडिया क्वेरीच्या आतून बाहेरचा सिलेक्टर तिला घेता येत नाही. जीझिपने फाइल दाबल्यानंतर आकारातील फरक बराच घटतो, त्यामुळे सरस कोण याविषयी मतभेद आहेत. किमती बदलत्या असतील तिथे मात्र मिक्सिनच घ्यावा.

देवनागरी पानांना मिक्सिन विशेष उपयोगी आहे. रोमन शीर्षकांसाठी वाढवलेले अक्षरांतर मराठी मजकुराला लागले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसतो. ओळींतील अंतर कमी पडल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. फाँट, पुरेसे ओळअंतर व शून्य अक्षरांतर एका मिक्सिनमध्ये बांधून भाषेच्या सिलेक्टरला दिल्यास प्रत्येक घटकात ही दुरुस्ती करावी लागत नाही. मराठी संकेतस्थळांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

लेस : अ‍ॅलेक्सिस सेलियर, २००९. यात साधा क्लासही मिक्सिन म्हणून वापरता येतो.

स्टायलस : २०१०.

खुद्द सीएसएसमध्ये ही सोय आणणारा ‘@अप्लाय’चा पहिला प्रस्ताव मागे पडला, फंक्शन व मिक्सिन एकत्र मांडणारा नवा मसुदा पुढे आला आहे.